मुंबई स्पेशल

‘मुंबई स्पेशल’ म्हटलं की आपल्याला सँडविच आठवतं, फार तर पावभाजी. जुन्या घड्याळांच्या संग्राहकांत मात्र ही शिवी आहे. युरोपात किंवा अमेरिकेत बसलेला कुणी जुन्या जपानी घड्याळाचा फोटो बघतो, डायलचा रंग त्याला जरा जास्तच भडक वाटतो, मग विकणारा कुठला आहे ते बघतो आणि दोन शब्दांत निकाल देऊन मोकळा होतो. मुंबई स्पेशल, म्हणजे रंगवलेलं, ठोकपीट केलेलं, चार मेलेल्या घड्याळांतून उभं केलेलं पाचवं. आम्ही पनवेलची माणसं एरवी ‘आम्ही मुंबईचे नव्हे’ हे ठासून सांगतो. या एका बाबतीत ते कुणी ऐकून घेत नाही.

हे मला कळलं ते मामीने दोन सिको घड्याळं हातात ठेवली तेव्हा. मामा कुवेतला होते. जाऊन-येऊन बारा-तेरा वर्षं त्यांनी तिकडे काढली. ते वारल्यावर घड्याळं कपाटात साडीच्या बॉक्समध्ये पडून होती. मामी म्हणाली, “तुला त्यातलं कळतं ना? बघ कुणी घेत असेल तर. इथे नुसती पडून गंजतायत.” मला त्यातलं फारसं कळत नव्हतं. पण मामीला ते सांगायचा धीर झाला नाही.

कोकणातल्या जुन्या घरांत सिको सापडणं हा योगायोग नाही. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखाती देशांत बांधकामं निघाली आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातून, म्हणजे आजच्या रायगडमधून, आणि खाली रत्नागिरीतून वायरमन, फिटर, ड्रायव्हर, खलाशी तिकडे गेले. परत येताना टू-इन-वन, अत्तर, जपानी साडी आणि सिको फाइव्ह आणायचे. आणलेलं घड्याळ आणणाऱ्याच्याच मनगटावर राहील असं नव्हतं. ते मेहुण्याला जायचं, जावयाला जायचं, कधी रोख अडचणीत विकलंही जायचं.

मामांच्या दोन्ही घड्याळांत तीनच्या जागी तारीख आणि वार दाखवणारी खिडकी आहे. वार इंग्रजीत येतो आणि चावी थोडी आणखी फिरवली की तोच वार अरबीत येतो. सिको वाराच्या चकतीवर दोन भाषा छापायची. एक इंग्रजी, आणि दुसरी घड्याळ जिथे विकायचं तिथली. त्यामुळे अरबी वार दिसला की घड्याळ मुळात कुठल्या बाजारासाठी निघालं होतं याचा माग लागतो. हा कुवेतचा शिक्का मामांनी कधी कुणाला दाखवला नसावा. माझ्या आठवणीत त्यांचं घड्याळ कायम इंग्रजीतच असायचं.

ही घड्याळं बनवणाऱ्या कंपनीबद्दल थोडं. हात्तोरी किन्तारो याने १८८१ मध्ये तोक्योत घड्याळांचं दुकान टाकलं, १८९२ मध्ये सेइकोशा नावाचा कारखाना काढला, आणि १९१३ मध्ये तिथून ‘लॉरेल’ हे जपानमधलं पहिलं मनगटी घड्याळ बाहेर पडलं. डायलवर ‘सिको’ हे नाव १९२४ पासून आलं. सिको फाइव्हचा जन्म १९६३ चा. त्या नावातला पाच हा आकडा म्हणजे गिऱ्हाइकाला दिलेली पाच वचनं. घड्याळ ऑटोमॅटिक असेल, वार-तारीख एकाच खिडकीत दिसेल, पाणी शिरणार नाही, चावी चाराच्या जागी आत दडलेली असेल, आणि केस-पट्टा दणकट असेल. चैनीची वस्तू म्हणून ते बनवलंच नव्हतं. ते भरपूर बनलं, जगभर विकलं गेलं आणि रोज घातलं गेलं. म्हणूनच आज चांगल्या अवस्थेतलं मिळत नाही. जपून ठेवायला हवं असं तेव्हा कुणाला वाटलंच नाही.

त्याच कंपनीने २५ डिसेंबर १९६९ रोजी ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं. किंमत साडेचार लाख येन. पुढच्या वीस वर्षांत क्वार्ट्झ इतकं स्वस्त झालं की स्प्रिंगवर चालणारी घड्याळं कपाटात गेली. आपल्याकडे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात टायटनची क्वार्ट्झ घड्याळं आली आणि मामांनीही एक घेतलं. म्हणजे मामांची सिको आधी बाद केली ती सिकोनेच.

आता शिवीकडे येऊ. मुंबई स्पेशल निघतात कशी? बाहेरच्या संग्राहकांना वाटतं की मुंबईत कुठल्याशा अंधाऱ्या खोलीत बसून लबाड माणसं फसवणुकीसाठी डायल रंगवतात. अशी माणसं आहेत, नाही असं नाही. पण मूळ तिथे नाही. आयातीवर बंधनं होती, परदेशी घड्याळ सहजासहजी मिळत नसे, आणि मिळालेलं टाकून देणं परवडत नसे. घड्याळजीकडे येणाऱ्या माणसाला सुटा भाग मिळाला नाही तर दुसऱ्या मेलेल्या घड्याळातला बसवून हवा असायचा. त्यात आपली हवा. पावसाळ्याचे चार महिने काचेच्या आत दव धरतं, झाकणाखालची रबराची रिंग सुकून कडक झालेली असते, डायलवर बुरशीचे ठिपके पडतात. गिऱ्हाईक म्हणतं, नवं करून द्या. मग डायल खरवडून, रंग देऊन, अक्षरं पुन्हा छापून द्यायची कला इथे वाढली. ती फसवणूक नव्हती, सेवा होती. लग्नात द्यायच्या घड्याळाचं डायल डागाळलेलं कसं चालेल?

गडबड झाली ती पुढे. जगभर जुन्या घड्याळांचा शौक वाढला, घरबसल्या परदेशी विकायची सोय झाली आणि ही दुरुस्तीची कला थेट निर्यातीला लागली. चोरबाजारात पाटीभर मिळणाऱ्या बंद घड्याळांतून सिको, सिटिझन, रिको, एचएमटी निघू लागली. निळी, केशरी, पोपटी. मूळ कारखान्याने त्या मॉडेलला कधी न दिलेले रंग. मशीन एकाचं, केस दुसऱ्याची, काटे तिसऱ्याचे. अशा जोडघड्याळाला संग्राहक ‘फ्रँकन’ म्हणतात, ‘फ्रँकनस्टाइन’ कादंबरीतल्या राक्षसावरून.

आणि इथे मला एक जुनं कलम आठवलं. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या १२३ व्या कलमात सोन्याच्या जोडीला घड्याळांचं नाव घालून उल्लेख आहे. तस्करीचं असल्याच्या रास्त संशयावरून घड्याळ जप्त झालं, तर ते तस्करीचं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी ज्याच्याकडे सापडलं त्याची. एरवी आरोप करणाऱ्याने पुरावा द्यायचा, हा आपला सर्वसाधारण न्याय. घड्याळाला तो लागू नाही. मामांच्या काळात विमानतळावरून बाहेर पडणाऱ्याला घड्याळाची पावती जपावी लागायची. आज तेच घड्याळ विकायला काढलं की समोरचा म्हणतो, हे मुंबई स्पेशल नाही हे तुम्ही दाखवा. कलम बदललं, ओझं त्याच खांद्यावर.

दाखवायचं कसं, हे सांगतो, कारण कोकणात अजून पुष्कळ कपाटं आहेत.

घड्याळ पालथं करा. मागच्या झाकणावर दोन आकडे असतात. एक चार-अधिक-चार असा, मध्ये रेघ असलेला, उदाहरणार्थ ७००९-८७६ए. पहिले चार आकडे म्हणजे आतलं मशीन कुठलं, पुढचे म्हणजे केस कुठली. दुसरा सहा आकडी क्रमांक असतो आणि त्यात जन्मतारीख लपलेली असते. पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा, दुसरा महिना. जानेवारी ते सप्टेंबर एक ते नऊ, ऑक्टोबरला इंग्रजी ओ, नोव्हेंबरला एन, डिसेंबरला डी. मामांच्या एका घड्याळावर सुरुवात ‘३एन’ अशी आहे. म्हणजे नोव्हेंबर, आणि साल तीनवर संपणारं. हे घड्याळ ७००९ मशीनचं. ते मशीन १९७३ मध्ये नव्हतं, आणि १९९३ च्या आधीच मामांनी टायटन घेतलं होतं, तेव्हा साल १९८३. दुसरं घड्याळ ६११९ मशीनचं आणि त्याचा पहिला आकडा चार. तेही याच हिशेबाने १९७४ चं. दशक कुठेच लिहिलेलं नसतं, ते मशीनवरून ओळखायचं. पत्रिका नसलेल्या माणसाचं वय ‘मोठ्या पुराच्या वर्षी जन्मलो’ यावरून काढतात, तसंच हे.

त्याच झाकणावर पाण्याबद्दल काय लिहिलंय तेही बघतात. १९७० च्या आसपासपर्यंत सिको ‘वॉटर प्रूफ’ लिहायची, नंतर ‘वॉटर रेझिस्ट’ लिहू लागली. क्रमांक १९७४ चा आणि झाकणावर ‘प्रूफ’ दिसलं तर जाणकार भुवई उचलतो.

मग घड्याळ उलटा आणि डायलच्या तळाशी, सहाच्या खाली बघा. साध्या डोळ्याला रेघच वाटेल, भिंगातून अक्षरं दिसतात. जपान, पुन्हा मशीनचा क्रमांक, डायलचा स्वतःचा क्रमांक. डायलचा क्रमांक केसच्या क्रमांकाशी तंतोतंत जुळेलच असं नाही, पण मशीनचे चार आकडे तेच हवेत. काही डायलांवर जवळच एक इवलीशी खूण असते. सिकोचे दोन कारखाने होते, सुवा आणि दाइनी, आणि दोघांच्या खुणा वेगळ्या. डायल पुन्हा छापणारा ‘सिको’ छापतो, सिको फाइव्हची ती पाच आकड्याची ढाल छापतो, ‘ऑटोमॅटिक’ छापतो. केसाएवढी ती ओळ आणि ती खूण त्याच्या हातून सुटते, किंवा फुगून जाड होते. मुंबई स्पेशल बहुतेक वेळा इथेच पकडली जातात.

काट्यांवर अंधारात चमकणारा जो रंग असतो, ज्याला आपण सरसकट रेडियम म्हणतो, तोही बोलतो. पन्नास वर्षांचा रंग सायीसारखा पिवळट किंवा चहाच्या डागासारखा तपकिरी होतो आणि दिवा मालवला की जवळजवळ लगेच विझतो. रात्रभर हिरवागार चमकणारा रंग जपानच्या नेमोतो कंपनीने १९९३ मध्ये काढला. तेव्हा १९७४ चं घड्याळ मध्यरात्री काजव्यासारखं चमकत असेल तर कुणीतरी मागून हात फिरवला आहे.

शेवटी झाकण उघडून मशीनचा फोटो द्यायचाच. रोटरवर, म्हणजे हात हलला की फिरणाऱ्या त्या अर्धगोल पत्र्यावर, सिकोचं नाव असतं, आणि मशीनवर त्याचा क्रमांक. ७००९ मध्ये सतरा ज्वेल, ६११९ मध्ये एकवीस. स्क्रूंच्या खाचा कुरतडलेल्या असतील तर किती हात लागले ते कळतं. झाकण न उघडता विकणाऱ्याकडून संग्राहक घेत नाही, आणि घेतलंच तर बंद घड्याळाच्या भावाने घेतो.

बंद घड्याळावरून एक गंमत. मामीने दिली तेव्हा दोन्ही बंदच होती. मी चावी पिळत बसलो, काही होईना. ही दोन्ही मशीनं चावीने भरतच नाहीत. तुम्ही तास-तासभर पिळा, चावी नुसती फिरत राहते. घड्याळ आडवं धरून झुलवायचं. १९५९ मध्ये सिकोने ‘मॅजिक लिव्हर’ नावाची युक्ती काढली. रोटर फिरला की त्याच्या खालचा खिळा एका पत्त्याला पुढे-मागे ढकलतो, त्या पत्त्याला दोन नख्या असतात, एक दात्याला ओढते, दुसरी ढकलते. रोटर कुठल्याही दिशेने फिरो, स्प्रिंग एकाच दिशेने आवळत जाते. भाग इतके कमी की बिघडायला फारसं काही नाही. वीस-पंचवीस झोके दिले आणि ७००९ चालू झालं, सेकंदाला सहा टकटक. चावीने चालत नाही म्हणून मेलेलं समजून किती घड्याळं भंगारात गेली असतील कोण जाणे.

एक सावधगिरी मात्र हवी. रात्री नऊ ते पहाटे तीन-चारपर्यंत तारीख बदलायची नाही. त्या वेळात तारखेची चाकं एकमेकांत अडकलेली असतात, आणि जबरदस्ती केली की प्लॅस्टिकचा दाता तुटतो.

आता माझी चूक. घड्याळं विकायची तर जरा बरी दिसावीत म्हणून मी १९७४ चं ते ६११९ आधी दुरुस्तीला दिलं. काचेवर ओरखडे होते, डायलच्या कडेला डाग होता, केसला ठोके पडले होते. मीच म्हणालो, चकाचक करून द्या. घड्याळजीने विचारलं, डायलही करू का? मी म्हणालो, करा. त्याने सांगितलं तसंच आणि मन लावून केलं. आठ दिवसांनी घड्याळ आलं ते आरशासारखं. केसच्या वरच्या अंगाला कारखान्यातून आलेल्या बारीक रेषा होत्या, कडा चाकूसारख्या होत्या. बफने दोन्ही गेल्या, केस साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत झाली. डायल गडद निळं, अक्षरं ठसठशीत. तळाची ओळ नाही. ज्या शिवीवर मी चिडणार होतो ते घड्याळ मी स्वतः पैसे देऊन बनवून घेतलं होतं. घड्याळजीचा यात काडीचा दोष नाही. त्याच्यासमोर त्याच्या आयुष्यात आलेलं बहुतेक प्रत्येक गिऱ्हाईक हेच मागत आलं आहे.

संग्राहकाचं गणित आपल्या नेमकं उलट आहे. आपण भांडं घासून देतो. तो न घासलेल्याचे पैसे देतो. ओरखडा चालतो, डाग चालतो, काच पिवळी चालते, कारण काच बदलता येते. घासलेलं पोलाद परत येत नाही आणि पुसलेलं डायल तर नाहीच. घरात जुनं घड्याळ सापडलं तर मऊ कापडाने पुसावं, तेवढंच. तेल-सफाई करायची असेल तर घड्याळजीला केस आणि डायलला हात लावू नका असं आधी, स्पष्ट सांगावं. तो हसेल. हसू द्यावं.

१९८३ चं ७००९ मात्र मी तसंच ठेवलं होतं, आळसाने. त्याने मला वाचवलं.

किंमत ठरवताना माणसं फसतात. जाहिरातीत कुणी काय मागतो ते बघून उपयोग नाही, किती रुपयांना खरंच विकलं गेलं ते बघायचं. सिको फाइव्ह लाखो निघाली आहेत. चांगलं असलं तरी व्यवहार काही हजारांत होतो. लाखांची स्वप्नं ज्यांना पडतात ती वेगळी घड्याळं. १९६० ची ग्रँड सिको, १९६५ चं जपानमधलं पहिलं पाणबुड्यांचं घड्याळ, किंवा ६१३९ मशीनचं पिवळ्या डायलचं क्रोनोग्राफ, जे विल्यम पोग या अंतराळवीराने १९७३-७४ च्या स्कायलॅब मोहिमेत घातलं होतं आणि ज्याला संग्राहक त्याच्याच नावाने ओळखतात. पिवळ्या डायलला भाव आला की पिवळा रंग लावणारेही उगवतातच.

जपानी घड्याळाचं आपल्याकडे आणखी एक घराणं आहे, ते विसरून चालणार नाही. १९६१ मध्ये एचएमटीने बेंगळुरूत मनगटी घड्याळं बनवायला घेतली ती सिटिझन कंपनीच्या तंत्रावर. सुरुवातीच्या डायलांवर दोन्ही नावं आहेत, आणि ‘पॅराशॉक’ हा एचएमटीवरचा शब्दही सिटिझनचाच. सरकारने २०१६ मध्ये एचएमटी वॉचेस बंद करण्यावर शिक्कामोर्तब केलं आणि ‘जनता’ या तिच्या जुन्या मॉडेलच्या शोधात माणसं फिरू लागली. लगेच नव्या कोऱ्या रंगाच्या ‘जनता’ही निघाल्या. वडिलांची जनता घरात असेल तर वरचं सगळं तिलाही लागू.

घेणारा मला ठाण्याचा मिळाला. त्याने फोटो मागवले ते ऐकून मामी चक्रावली. समोरून सरळ, दोन्ही बाजूंनी कडा दिसतील असे, झाकणावरचे आकडे, उघडलेलं मशीन, वार इंग्रजीत आणि वार अरबीत, आणि टेबलावर ठेवून चालतानाचा व्हिडिओ. मी दोष आधी लिहून दिले. काचेवर आडवा ओरखडा आहे, पट्ट्याची एक कडी सैल आहे, चोवीस तासांत पंचवीस सेकंद पुढे जातं, सर्व्हिसिंग कधी झालं माहीत नाही. हे लिहिताना हात अडखळला. दोष लपवून गुण सांगणं हाच आपला विक्रीचा संस्कार. पण परक्या संग्राहकाचा विश्वास दोषांच्या यादीवरच बसतो. जो काहीच दोष सांगत नाही, त्याचं घड्याळ तो रंगवलेलं धरून चालतो.

परदेशी पाठवायचं असतं तर आणखी सोपस्कार होते. सीमाशुल्काचा फॉर्म, विमा, चावी दाबली जाणार नाही असं पॅकिंग. पुरावस्तूंच्या १९७२ च्या कायद्याची भीती काहींना वाटते, पण तो अशा वस्तूंना शंभर वर्षं झाल्यावर लागतो. सिको फाइव्हला अजून अवकाश आहे.

घेणारा ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने आला. पनवेल स्टेशनच्या बाहेर चहाच्या टपरीवर त्याने खिशातून भिंग काढून डोळ्याला लावलं आणि सहाच्या खालची ओळ आधी वाचली. मग झाकणावरचे आकडे. मग घड्याळ कानाला लावलं, शेजारून रिक्षावाले कळंबोली-कामोठे ओरडत असताना. किमतीवर त्याने घासाघीस केली नाही. एवढंच विचारलं, अरबी वार मुळातला ना? मी म्हणालो, मामा कुवेतला होते. त्याने मान हलवली आणि यूपीआयने पैसे टाकले.

सोबत नेलेलं निळं ६११९ मी त्याला दाखवलं. त्याने भिंग लावलंही नाही. म्हणाला, मशीनसाठी घेतो, पाचशे देतो. मी दिलं नाही. पैसे मामीला नेऊन दिले आणि दुसरं घड्याळ दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, “हे किती छान झालंय रे, हे का नाही विकलंस?” ते आता माझ्या हातात असतं. दिवसाला चाळीस सेकंद मागे पडतं आणि वार मी अरबीतच ठेवला आहे.